कुठली उभी राहिली?

आमच्या स्टोअरच्या खिडकीखाली एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सुटे नट, अर्धे वॉशर आणि कुठल्या मशीनचे आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेले स्क्रू पडलेले असतात. कुणी फेकून देत नाही. "राहू द्या ताई, लागेल कधीतरी!" म्हणत जो येतो तो आणखी एक टाकून जातो. किस्स्यांचंही तसंच होतं बघा. ग्रीस न्यायला आलेला माणूस ग्रीस घेऊन जातो आणि किस्सा ठेवून जातो. मी टाकू कुठे?

मी सुनंदा. बोईसर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आम्ही बिस्किटं, वेफर्स यांच्या पुड्यांचा कागद छापतो. म्हणजे तुम्ही खाऊन झाल्यावर जो फेकता, तो! मशीन बिघडली की मेंटेनन्सची माणसं पहिली माझ्या खिडकीवर येतात. सगळं डिपार्टमेंट मला टरकून असतं, आणि असावंच!

आता सांगते ते सगळे किस्से एकाच मुलीचे आहेत. तिचं नाव जुई. ती आमच्याकडे कामाला नाही, कारण किस्से सुरू झाले तेव्हा ती साडेचार महिन्यांची होती.

* * *

जुई ही आमच्या नितीनची मुलगी. नितीन फिटर. मूळचा परभणीकडचा, लग्न करून शिरगावचा जावई झाला आणि बोईसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला लागला. बायको प्राची. बाळंतपणापासून सासूबाईही मुक्कामाला.

एक दिवस हा पेढे घेऊन खिडकीवर आला. चेहरा मात्र औषध प्यायल्यासारखा!

"काय रे, काय झालं?"

"जुई पालथी पडली, ताई."

मागे आमचे मेंटेनन्सचे कदम साहेब उभे होते. ते दचकून म्हणाले, "अरे बापरे! लागलं का?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला दोन मुली आहेत ना? मूल पालथं पडतं म्हणजे काय होतं, ते माहीत नाही?"

"मी तेव्हा ड्यूटीवर असणार," साहेब म्हणाले.

नितीनचंही दुखणं तेच होतं! पोरगी पालथी पडली तेव्हा हा दुसऱ्या पाळीला. दुपारी साडेतीनला घरातून निघतो तो रात्री बाराला सुटतो. मुलांचे सगळे पराक्रम तर संध्याकाळीच होतात. प्राचीने व्हिडिओ काढला होता म्हणून आम्ही सगळे डोकी घालून बघायला लागलो. एक मिनिटभर नुसती हिरवी साडी दिसत होती.

"यात जुई कुठंय?"

"सासूबाईंच्या पलीकडे," नितीन म्हणाला. "ऐका नीट, आवाज येतोय."

* * *

आठव्या महिन्यात जुई रांगायला लागली. पण उलटी! तोंड पुढे आणि गाडी मागे. समोरचं खेळणं पकडायला जोर लावायची आणि त्याच्यापासून लांब लांब जात शेवटी सोफ्याखाली अडकून भोकाड पसरायची.

नितीनने ही तक्रार पहिल्यांदा मांडली ती डॉक्टरांकडे नाही, आमच्याकडे! कदम साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निदान केलं. "फेज उलटे लागलेत. दोन वायरी बदल, सरळ चालेल."

मोटर उलटी फिरली की आमच्याकडे हेच करतात. पॅकिंगवर आमचे यादवजी आहेत, उत्तर प्रदेशातले, पंधरा वर्षं बोईसरमध्ये. ते म्हणाले, "साहब, वायर नहीं बदलना है. खिलौना पीछे रखो. उल्टी ही जाएगी, पर पहुँच तो जाएगी!"

आमच्या या शहाण्याने खरंच तसं केलं! खुळखुळा तिच्या मागे ठेवला. जुई उलटी उलटी बरोबर तिथे पोचली, खुळखुळ्यावर बसली आणि खुळखुळा गेला कुठे म्हणून रडायला लागली.

प्राची म्हणाली, "तुमच्या कंपनीत सगळे असेच आहेत का हो?"

चार दिवस नितीनने नाना उपाय केले. आरसा ठेवला, स्वतः रांगून दाखवलं, टीव्हीचा रिमोट पणाला लावला. पोरगी रिव्हर्सच! पाचव्या दिवशी दुसरी पाळी लागली, हा कामावर आला आणि तिकडे संध्याकाळी सासूबाईंनी वेफर्सची पुडी फोडली. कागद चुरचुरला मात्र, जुई मान वर करून सरळ पुढे सुटली ती थेट आजीच्या मांडीवर!

नितीनने घरी गेल्यावर सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "मला भूक लागलेली. पुडी फोडली, पोरगी आली. तुमचाच कागुद हाय ना तो?"

* * *

गुळगुळीत लादी आणि रांगणारी पोर! गुडघे घसरायचे, हनुवटी आपटायची. एक दिवस नितीन खिडकीवर येऊन मान खाली घालून म्हणाला, "ताई, डॉटवाले हँडग्लोव्हज आहेत का?"

तळव्याला रबराचे ठिपके असतात ते. घसरत नाहीत.

"कुठल्या मशीनला?"

"एक नंबरला."

मी बावीस वर्षं ही खिडकी सांभाळते आहे. खोटं बोलणारा माणूस मला कानावरून कळतो. याचे दोन्ही कान लाल!

"खरं बोल!"

मग सगळं बाहेर आलं. ग्लोव्हजची बोटं कापायची, मनगटाची लवचिक बाजू जुईच्या गुडघ्यावर चढवायची, ठिपके खाली. म्हणजे पकड येईल. डोकं चांगलं चालवलं होतं, पण मला थेट सांगितलं असतं तर काय मी खाल्लं असतं त्याला? शिवण उसवली म्हणून बाजूला काढलेली एक जोडी माझ्याकडे होती. ती मी घरी नेली, दोनदा गरम पाण्यातून काढली, मशीनवर शिवली आणि दिली. वर दम भरला, "पुन्हा खोटं बोललास तर जावयाला नाही, सासूबाईंना बोलावून घेईन!"

आता, माझा एक नियम सगळ्या कारखान्याला पाठ आहे. जुने ग्लोव्हज जमा केल्याशिवाय नवे मिळत नाहीत. रडा, पडा, मोठ्या साहेबांची चिठ्ठी आणा, नाही म्हणजे नाही!

सहा आठवड्यांनी नितीन आला. खिशातून दोन चिंध्या काढून त्याने अदबीने खिडकीवर ठेवल्या. ठिपके पार झिजून सपाट झालेले, एकावर वरण सांडलेलं.

"हे काय?"

"जुने जमा, ताई. नवे द्या."

* * *

आता यादवजींचं सांगते. हा माणूस कामात एकदम खडूस. मशीनवर कुणी गाणं गुणगुणलेलंही त्याला खपत नाही. एकदा नितीन असाच तोंड पाडून बसला होता. जुईने टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याही याच्या पाठीमागे. मी म्हटलं, "जाऊ दे रे, व्हिडिओ कॉल करत जा सुट्टीत."

यादवजी एकदम म्हणाले, "मैडम, वीडियो कॉल की बात मत करो."

त्यांचा मुलगा गावी. तो पहिल्यांदा चालला तेव्हा हे इथे बोईसरच्या खोलीत मोबाईल धरून बसलेले. पोराने दोन पावलं टाकली, तिसरं टाकताना तोल गेला आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. नेटवर्क गेलं! गावात वादळ झालं होतं, तीन दिवस फोन नाही.

"तीन दिन तक, मैडम," यादवजी म्हणाले, "मेरा लड़का आधा गिरा हुआ था."

आम्ही हसलो, तेही हसले. मग रुमालाने चष्मा पुसत बसले. मीही उगीचच ग्रीसचे डबे सरळ लावायला लागले.

त्याच आठवड्यात यादवजी माझ्या खिडकीवर आले आणि कदम साहेबांना म्हणाले की माझ्या आणि नितीनच्या पाळ्या बदला, संध्याकाळी मी थांबेन. "मशीन का छोटा-मोटा काम मैं देख लूँगा. इसको घर भेजो. बच्ची अब उठेगी."

झालं! नितीनला लागोपाठ दोन आठवडे पहिली पाळी. चारला सुटायचा, सव्वाचारला घरी, साडेचारपासून जुईसमोर मांडी ठोकून! आणि जुई? दोन आठवडे ती बसून राहिली. वर्तमानपत्र खाल्लं, बापाची चप्पल चाटली, पण जागची हलली नाही. पंधराव्या दिवशी नितीन दुसऱ्या पाळीला आला आणि तासाभरात प्राचीचा फोन! जुई रांगत दाराचा उंबरा ओलांडून बाहेर जिन्यापर्यंत गेली होती. सासूबाईंनी नारळ फोडून अख्ख्या मजल्यावर खोबरं वाटलंही होतं.

यादवजींनी कपाळाला हात लावला. "नितिन, अपनी बेटी को टाइम ऑफिस में लगा दे. उसको सबकी शिफ्ट मालूम है!"

* * *

वर्ष झालं. शेजारचा दहा महिन्यांचा गुंड्या टेबलाला धरून चालायला लागला होता आणि आमची जुई बैठी ती बैठीच. कुणी काखेत हात घालून उभं केलं की पाय पोटाशी घ्यायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूल उत्तम आहे, प्रत्येकाचा वेळ वेगळा, काही करायची गरज नाही.

शिरगावच्या सासूबाईंना हे पटेना. "पोरीला दर्यावर न्या. वाळूत खड्डा करून कंबरेपत्तुर उभी ठेवा. आमी सगली पोरं अशीच उभी केली. पाय घट होतात!"

"आई, डॉक्टर म्हणाले गरज नाही," नितीन म्हणाला.

"त्या डाक्टरकडं दर्या हाय का?"

रविवारी सगळी वरात शिरगावच्या किनाऱ्यावर. नितीनने फिटरच्या हाताने खड्डा काढला, गोल, काठ एकसारखे. जुईला त्यात उतरवलं, भोवती वाळू दाबली. पोरगी एकदम खूश! दोन्ही हातांनी वाळू उडवत, टोपी घालून, कंबरेपर्यंत गाडलेली, पण उभी!

नितीनने फोटो डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकला. आमच्याकडे नवी मशीन बसवली की तिच्या पायात सिमेंट भरून घट्ट करतात, त्याला ग्राउटिंग म्हणतात. कदम साहेबांचं उत्तर आलं, "ग्राउटिंग उत्तम. सुकेपर्यंत हलवू नये."

दहा मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, "आता काढा." काढली. वाळूवर ठेवली. जुई बसली!

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज ओहोटी हाय ना, म्हून."

* * *

हसण्यावारी नेत होतो खरं, पण नितीन आतून खचत चालला होता. मला दिसत होतं. एक दिवस ग्रीसचा डबा घेतला तरी खिडकीवरून हलेना.

"ताई, तुमचा मुलगा कितव्या महिन्यात उभा राहिला?"

माझा मुलगा दहाव्या महिन्यात उभा राहिला आणि अकराव्यात त्याने घरातला मिक्सर पाडला. पण याचा चेहरा बघून माझ्या तोंडून भलतंच गेलं. "सोळाव्या!"

"खरंच?"

"मग! आम्ही तर आशाच सोडली होती."

जरा बरं वाटलं त्याला. डबा घेऊन गेला. माझ्या जिवाला चुटपुट लागली, पण म्हटलं एवढं खोटं देव माफ करतो.

दोन दिवसांनी हा परत आला, यावेळी जास्तच घाबरलेला.

"ताई, मी सगळ्यांना विचारलं. तुमचा सोळा महिने. कदम साहेबांच्या दोन्ही मुली अठरा महिने. यादवजींचा तर दोन वर्षांनी उभा राहिला म्हणे!"

मी मान वळवून कपाटाकडे बघायला लागले. काय करणार, हसू आवरेना! सगळं डिपार्टमेंट एकजात खोटारडं निघालं होतं.

नितीन खिडकीतून आत वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, आपल्याच डिपार्टमेंटची सगळी पोरं एवढी उशिरा कशी? इथल्या पाण्यात काही आहे का?"

मग मात्र मी त्याला बसवलं, चहा पाजला आणि खरं ते सांगितलं. सगळे खोटं बोललो, पण डॉक्टर खोटं बोललेले नाहीत, हेही सांगितलं. त्यावर तो जे म्हणाला ते मला अजून आठवतं. "उशिराचं काही नाही हो ताई. महिना जास्त लागू दे, वर्ष लागू दे. पण पालथी पडली, मी नव्हतो. रांगली, मी नव्हतो. उंबरा ओलांडला, मी नव्हतो. उभी राहील तेव्हा तरी मी पाहिजे. नाहीतर तिला वाटायचं, बाप म्हणजे रात्री येऊन झोपणारा कुणीतरी."

* * *

आता हा शेवटचा. त्याआधी एक सांगायला हवं. कारखान्यात आम्ही मशीन 'बंद पडली' असं म्हणत नाही. 'उभी राहिली' म्हणतो. चालू असलेली मशीन 'चालते' आणि बिघडली की 'उभी राहते'. बाहेरच्या माणसाला हसू येतं, पण आमच्याकडे 'उभी राहिली' ऐकलं की लोक जेवणाच्या ताटावरून उठून पळतात. आणि दुसरं म्हणजे आत हॉलमध्ये मशीनपाशी मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळे घरचा फोन असो की पॅकिंग हॉलमधल्या मुलींचा, सगळे स्टोअरच्या फोनवर येतात.

दुसरी पाळी नुकतीच लागली होती. साडेचार वाजले असतील. मी शिडीवर चढून वरच्या फळीवरचा बेल्टचा खोका काढत होते. फोन वाजला. खिडकीशी कदम साहेब उभे होते, त्यांनी हात आत घालून उचलला. फोनवर प्राची होती! तिची बाजू तिने मला नंतर सांगितली, साहेबांची मी माझ्या कानांनी ऐकली, आता दोन्ही जोडून सांगते.

"उभी राहिली हो! उभी राहिली!"

साहेबांचा चेहरा उतरला. "कुठली?"

"आपली!"

"कधी?"

"आत्ताच! पाच मिनिटं झाली!"

"अशी एकाएकी कशी? आधी काही आवाज?"

"सकाळपासून कुरकुर चालली होती. मला वाटलं दाताचं काहीतरी असेल."

गिअरलाही दात असतात! साहेब भडकले. "कुरकुर होती तर तेव्हाच सांगायचं ना!"

"मला काय माहीत आजच उभी राहील!"

"बरं, आता चालतेय का?"

"छे हो! चालत नाही. नुसती उभी आहे!"

"कुणी हात लावू नका!"

"कुणीच नाही लावला! हात न लावता आपली आपण उभी राहिली, म्हणून तर फोन केला!"

"आलोच!" म्हणून साहेबांनी फोन आपटला. लगेच मोठ्या साहेबांना इंटरकॉम. "सर, पॅकिंगची लाईन उभी राहिली, अटेंड करतो." आणि "नितीन! पाने घे!" ओरडत धावत सुटले. नितीन टूलबॉक्स उचलून मागे.

मी शिडीवरून उतरते तोच पुन्हा फोन. "ताई, मघाशी कोण होतं? 'आलोच' म्हणाले. किती जणांचा चहा टाकू?"

दोन वाक्यांत मला सगळा उलगडा झाला. बावीस वर्षांत मी स्टोअर उघडं टाकून कधी गेले नाही, त्या दिवशी गेले! हॉलमध्ये पोचले तर चारही मशीन खडखडत मस्त चाललेल्या, यादवजी हात बांधून उभे, आणि कदम साहेब प्रत्येक मशीनभोवती फिरत ओरडतायत, "कुठली? अरे कुठली उभी राहिली?"

"साहेब!" मी धापा टाकत म्हटलं, "मशीन नाही, जुई! जुई उभी राहिली!"

यादवजी आधी हसले, मग पोरी हसल्या. साहेब आरशात भूत बघितल्यासारखे थिजले. नितीनच्या चेहऱ्यावर आनंद आला आणि आला तसा मावळला. हातातला पाना त्याने हळूच टूलबॉक्समध्ये ठेवला.

"परत दुसरी पाळीच," तो म्हणाला.

हसणं थांबलं.

कदम साहेबांनी घड्याळ बघितलं. "मोठ्या साहेबांना ब्रेकडाऊन कळवून बसलोय मी. कळवलेला ब्रेकडाऊन अटेंड करावा लागतो. जा."

"कुठे, साहेब?"

"जिथे उभी आहे तिथे. निघ!"

"इधर मैं हूँ," यादवजी म्हणाले. "भाग!"

मी गेटपास फाडला. कारण म्हणून लिहिलं, 'उभी राहिली, पाहणी'.

साडेपाचला माझी सुट्टी होते. गेले नाही. कदम साहेबही खिडकीशी येरझाऱ्या घालत होते, यादवजी दर दहा मिनिटांनी हॉलमधून डोकावत होते. पावणेसहाच्या पुढे नितीन आला. डोळे लाल, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

तो पोचला तेव्हा घरात शेजारपाजार जमलेला. सगळे टाळ्या पिटतायत, "उठ जुई, बाबा आले, उठ!" आणि जुई फतकल मारून बसलेली. अर्धा तास झाला, पोरगी ढिम्म. शेजारी कंटाळून निघाले, प्राची त्यांना पोचवायला दारापर्यंत गेली, सासूबाई चहा गाळायला आत गेल्या. नितीन भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

"म्हटलं, राहू दे बाई. बसलीस तरी चालतंय. मी काय कुठं पळून चाललोय?" नितीन सांगत होता. "तर रांगत आली, ताई. माझ्या शर्टाचा खिसा धरला आणि उठली. आणि मग खिसा सोडला! दोन्ही हात सोडले! कशालाही न धरता उभी. माझ्याकडं बघत होती. मी श्वास घेतला नाही, म्हटलं वाऱ्याने पडायची!"

"मग?"

"मग धपकन बसली. प्राचीने बघितलं नाही, सासूबाईंनी नाही. दोघी म्हणतात, थाप मारताय. म्हणू द्या! मी बघितलं, ताई. मी एकट्याने बघितलं!" आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला. यादवजींनी त्याला पोटाशी धरलं. कदम साहेब छताकडे बघायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कदम, त्या ब्रेकडाऊनचं काय झालं?"

मोठे साहेब! कदम साहेब दोन पावलं मागे सरकले. मोठ्या साहेबांनी टूलबॉक्सवर नाव बघून नितीनलाच गाठलं. "तू अटेंड केलास ना? काय स्थिती?"

नितीन कुठल्या तंद्रीत होता देव जाणे. डोळे पुसून म्हणाला, "उभी आहे, साहेब!"

"अजून?"

"हो! कुणाचा हात न लागता!"

"आणि चालायला कधी लागणार?"

"दोन-तीन आठवडे तरी जातील, साहेब."

"दोन-तीन आठवडे!" मोठे साहेब किंचाळले. "आणि तू हसतोस काय? कदम, उद्याच्या उद्या बाहेरून माणूस बोलवा!"

"नको साहेब!" नितीन हात जोडून म्हणाला. "कुणाला बोलवू नका. ती चालेल तेव्हा मीच बघणार!"